शिरेतून की जांघेतून

बाबांच्या बनियनला पिवळे डाग पडायला लागले, तेव्हा मी आधी साबणाला दोष दिला. महाडला एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि रविवारी पोलादपूरला जाऊन त्यांचे कपडे धुऊन यायचे. आई गेल्यापासून ते बौद्धवाडीतल्या घरात एकटेच राहत. बांधकाम खात्यात त्यांनी सबंध नोकरीभर रोड रोलर चालवला होता. निवृत्त झाल्यावरही घाटात कुठे डांबर पडतंय असं कळलं की बघायला जायचे. त्या दिवशी मी दोरीवर बनियन वाळत घालत होते आणि ते उंबऱ्यात बसून पाठ खाजवत होते. ऊन त्यांच्या तोंडावर आलं आणि त्यांच्या डोळ्यांचा रंग मला दिसला. हळदीत बुडवून काढल्यासारखे डोळे.

"कधीपासून हाय हे?" मी विचारलं. घाबरले की माझी भाषाही वाडीतली होते.

"हाय थोडी कावीळ. उतरंल," ते म्हणाले.

वाडीत ही गोष्ट माझ्या आधी सगळ्यांना ठाऊक होती. शेजारच्या गावात काविळीचं औषध देणारी एक बाई होती, तिला दुसऱ्याच दिवशी बोलावलं गेलं. मी नको म्हणत होते, पण तिथे माझं कोण ऐकणार. तिने कसल्याशा फळाचा रस फडक्यातून बाबांच्या नाकात पिळला. बाबा कळवळले. थोड्या वेळाने नाकातून पिवळं पाणी गळायला लागलं, आणि अंगणात जमलेली माणसं ते बघायला पुढे सरकली. पितळी खाली धरली होती. "बघ कसा विख बाहेर पडताय," असं एकजण कौतुकाने म्हणाला, आणि ती पितळी हातोहात फिरली. एकाने तर वास घेऊन पाहिला. बाबा खाली मान घालून नाक गाळत बसले होते आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, सगळे पितळीत बघत होते. मी उठून मागच्या दारी गेले. तेव्हा मला वाटलं होतं, ही अडाणी माणसं आहेत, शहरातल्या दवाखान्यात असलं काही होणार नाही.

महाडच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि लगेच मुंबईला न्यायला सांगितलं. माझा थोरला भाऊ मुंबईत गोदीच्या कचेरीत होता. त्याने मोठ्या सरकारी इस्पितळात बाबांना दाखल केलं. मी रजा टाकून गेले. तिथल्या सर्जननी पोट उघडलं, स्वादुपिंडातली गाठ पाहिली, यकृतावर उठलेले ठिपके पाहिले, आणि गाठीला हात न लावता पित्ताला आतड्यात उतरायला दुसरी वाट करून पोट शिवून टाकलं. आठवड्याभरात पिवळेपणा ओसरला, अंगाची खाज थांबली. बाबांना वाटलं, बरं झालं. दादाला त्यांचा तो समज तसाच ठेवायचा होता.

पुढचं औषध देणारी डॉक्टर बाई माझ्याच वयाची होती. पायात झिजलेल्या चपला, डोळ्यांखाली काळं. तिने आम्हा दोघांना बाकावर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा आजार बरा होणारा नाही. औषधाने काहींची गाठ थोडे दिवस आवरते, काहींची नाही.

"औषध एकच आहे," ती म्हणाली, "पण द्यायच्या तऱ्हा वेगळ्या. एक म्हणजे हाताच्या शिरेत इंजेक्शन, झटपट. चार-पाच दिवस रोज यायचं, मग महिनाभर घरी. दुसरी म्हणजे तेच औषध सलाइनमधून थेंबथेंब, रात्रंदिवस, इथे झोपवून. झटकन दिलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी जास्त पडतात. हळूहळू दिलं तर तोंड जास्त येतं, तळहात-तळपाय सोलतात."

"कशाने माणूस जास्त जगतो?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "खरं सांगू का, मला माहीत नाही. अजून कोणालाच नक्की माहीत नाही. तुमच्या वडिलांना घर सोडवत नाही असं दिसतं, म्हणून मी पहिली तऱ्हा सुचवते. आणि काहीच दिलं नाही तरी मी तुम्हाला दोष देणार नाही."

मला ती आवडली. जिन्यावरून उतरताना दादा मात्र भडकला होता. "डॉक्टर होके बोलती है मालूम नहीं! मग खुर्चीवर बसलीय कशाला?"

पहिल्या फेरीची इंजेक्शनं झाली. बाबांना घेऊन मी एसटीने पोलादपूरला आले. आठवडा बरा गेला आणि मग त्यांचं तोंड सोललं. जीभ लाल, गालांच्या आत पांढरे चट्टे, ओठांच्या कोपऱ्यांवर खपल्या. पेज गार करून चमच्याने घालायची, तीही अर्धी बाहेर यायची. हाताची ज्या शिरेत सुई गेली होती ती कोपरापर्यंत काळी पडून दोरीसारखी कडक झाली. पातळ परसाकडला होत होतं. माझे यजमान तेव्हा नव्यानेच सुरू झालेल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर जात. शनिवारी ते मोटारसायकलवर पोलादपूरला यायचे आणि त्यांच्या शर्टाला येणाऱ्या रसायनाच्या वासाने बाबांना उलटी व्हायची. म्हणून ते ओट्यावरच शर्ट काढून उघड्या अंगाने आत येत.

तरीही तिसऱ्या आठवड्यात बाबा उठले. काठी न घेता रस्त्यापर्यंत गेले. त्यांनी नाचणीची आंबील मागून घेतली आणि भांडं निपटून खाल्लं. "बाय, आंबील झकास झालीय गो," म्हणाले. ती दहा-बारा दिवसांची उभारी होती. औषधाने आली की आपली आपण आली, कोण सांगणार. पण ती मी डोळ्यांनी पाहिली.

त्याच दिवसांत दादा मुंबईहून आला, तो एका नव्या डॉक्टरचं नाव घेऊनच. कोणाच्या तरी ओळखीतून त्याने हा सर्जन शोधला होता. खाजगी नर्सिंग होम, परदेशात शिकून आलेला माणूस. दादाने ओट्यावर बसून वाडीतल्या चारचौघांना समजावून सांगितलं, "लेटेस्ट टेक्निक हाय. जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर चढवायची, ती थेट गाठीच्या तोंडाशी. औषध डायरेक्ट तिथेच. बाकी बॉडीला काय पण त्रास नाय. तोंड येणार नाय, जुलाब नाय."

माणसं माना डोलवत होती. बाबा तिथेच, हातभर अंतरावर, चटईवर पडले होते. "पेशंटची तब्येत अजून चांगली हाय, हाच टाईम हाय," असं दादा त्यांच्या डोक्यावरून बोलत होता. एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "पण हे ऐकतील काय?" तेव्हाही काकांनी ते बाबांना न विचारता दादाला विचारलं.

मी त्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टर बाईंना भेटायला मुद्दाम मुंबईला गेले. त्या म्हणाल्या, "नळीने औषध जवळ पोचतं हे खरं. गाठ कधी कधी लहान होते हेही खरं. पण नळीने माणसाला जास्त दिवस मिळतात असं मी पाहिलेलं नाही. जठराला जाणाऱ्या रक्तवाहिन्याही तिथूनच निघतात. औषध तिकडे वळलं तर जठर भाजतं. शिवाय नळी असेपर्यंत त्यांना पाठीवर पडून राहावं लागेल."

मी हे सगळं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तुला बाबा लवकर जायला हवेत काय?" या एका वाक्यापुढे माझं सगळं विज्ञान लंगडं पडलं. मग मी बाबांनाच विचारलं.

"त्याच्या मनात हाय तर होऊ दे," ते म्हणाले. "तो लांब ऱ्हातो. त्याला काय करता आला नाय माझ्यासाठी."

नर्सिंग होममध्ये सगळं चकाचक होतं. फरशी तर तोंड दिसेल अशी. तो सर्जन गोरा, सुगंधी, बोलायला गोड. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आजोबा, शेतात पाटाचं पाणी सोडता ना तुम्ही? तसंच. ज्या वाफ्याला पाणी पाहिजे त्याच वाफ्याचं तोंड उघडायचं."

बाबांना शेत कधीच नव्हतं. ते "व्हय" म्हणाले.

जांघेतून नळी घातली आणि त्या पायाला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावल्या. पाय हलवायचा नाही, कुशीवर वळायचं नाही, उठून बसायचं नाही. जेवण पडल्या पडल्या, विधी पडल्या पडल्या. जन्मभर पहाटे अंधारात लांब ओढ्याकडे जाऊन येणारा माणूस आता माझ्यासमोर, स्वतःच्या मुलीसमोर, भांड्यावर झोपून डोळे मिटून घ्यायचा. मी बाहेर जाते म्हटलं तर मदतीला कोणी नसायचं. आया होती, ती नाकाला पदर लावून यायची आणि "काय घाण करून ठेवलीय आजोबांनी" असं मोठ्याने म्हणायची. त्या वासाची मला किळस आली नाही. तिच्या पदराची आली.

सर्जन सकाळी यायचा तो एकटा कधीच नाही. बरोबर दोन-तीन तरुण डॉक्टर, कधी औषधाच्या कंपनीचा टाय लावलेला माणूस. चादर एका झटक्यात खाली ओढली जायची. बाबांचं उघडं पोट, जांघ, सगळंच. नळीवर बोट ठेवून इंग्रजीत बोलणं चालायचं. एकदा एकाने कॅमेरा आणला आणि फ्लॅश मारून फोटो काढले. बाबांनी हाताने चादर शोधायचा प्रयत्न केला, तेव्हा नर्सने त्यांचा हात धरून बाजूला ठेवला, फोटोत येऊ नये म्हणून. मी म्हणाले, "अहो, पांघरूण घाला ना." टायवाला माझ्याकडे पाहून हसला. "बस, एकच मिनिट, ताई."

दादा मात्र खूश होता. बाबांचं तोंड आलं नव्हतं. "बघ," तो मला सारखं म्हणायचा, "बोललो होतो की नाय?" हे खरंच होतं, तोंड आलं नव्हतं. फक्त पोटात आग पडली होती. जेवणाचा घास उतरला की बाबा मुठी आवळायचे. मी सांगितलं तर ॲसिडिटीचं औषध लिहून मिळालं. मग एका दुपारी त्यांनी चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी केली. चादरीवर, माझ्या हातांवर, त्या चकाचक फरशीवर. मी ओरडत बाहेर पळाले. नळी काढली, रक्त चढवलं, धावपळ झाली.

दोन दिवसांनी सर्जनने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. सोनोग्राफीचे नवे फोटो उजेडावर लावले होते. "हे बघा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर उजळला होता, "गाठ चक्क आटलीय. इतका सुंदर रिझल्ट मी फार कमी वेळा पाहिलाय."

दादाने हात जोडले. मी विचारलं, "आणि ती उलटी?"

"तो साइड इफेक्ट. ते सांभाळता येतं. महत्त्वाचं हे आहे." त्याने पेनने त्या करड्या सावलीभोवती गोल काढून दाखवला.

आम्ही खोलीत परतलो तेव्हा बाबांचे डोळे खोल गेलेले होते, आणि रक्त चढवताना सुजलेला हात पोटावर ठेवून ते पडले होते. दादा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, गाठ बारीक झाली. डॉक्टर बोलले, एकदम फस्क्लास."

"बरा झाला," बाबा म्हणाले. "आता मला घरी ने."

घरी ते फार दिवस राहिले नाहीत. पाण्याखेरीज काही उतरत नव्हतं. काळं परसाकडला होत होतं. ज्या पायातून नळी गेली होती तो पाय गार असायचा, तो मी मांडीवर घेऊन चोळत बसायचे. शुद्धीत असले की घाटातल्या कुठल्या वळणावर रस्ता खचायचा ते सांगायचे. एकदा म्हणाले, "तो फोटू काढणारा पोरगा चांगला नव्हता गो." एवढंच बोलले त्या सगळ्याबद्दल. एका दुपारी मी दूध कोमट करून आणेपर्यंत गेले होते. दादा त्या वेळी मुंबईत होता.

पुढल्या वर्षी महाडच्या आमच्या शाळेच्या सभागृहात तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी एक व्याख्यान ठेवलं होतं. खर्च एका औषध कंपनीचा. स्लाइड दाखवायचं यंत्र आसपास फक्त आमच्या प्रयोगशाळेत होतं, म्हणून मुख्याध्यापकांनी ते चालवायला मला थांबवलं. पाहुणे कोण, हे मला खिडक्यांचे पडदे ओढून झाल्यावर, ते व्यासपीठावर चढले तेव्हा कळलं. तोच गोरा, सुगंधी माणूस. त्याने मला ओळखलं नाही.

तो छान बोलत होता. शिरेतून औषध, सलाइनमधून औषध, धमनीतून औषध, अशी तुलना. शिरेतून देणं म्हणजे वाटाण्याच्या एका वेलासाठी सबंध शेत भिजवणं, असं म्हणाला आणि लोक हसले. मी बटण दाबत होते, एकामागून एक स्लाइड पडद्यावर येत होत्या. आणि मग बाबा आले. पडदाभर. उघडं पोट, टाक्यांचा व्रण, जांघेतली नळी, तिच्याभोवती चिकटपट्ट्या. डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती. डोळे झाकले की माणूस ओळखू येत नाही, असं कोणाला वाटतं? ओठांच्या कोपऱ्यावरची ती जुनी खपली मी कितीदा ग्लिसरीनने भिजवली होती. पडद्याच्या कडेला नर्सची बोटं दिसत होती, बाबांचा हात धरून ठेवलेली.

"या केसमध्ये प्रतिसाद अप्रतिम होता," तो म्हणाला. "गाठ आटली."

"सर," मी मागून म्हणाले. "हा माणूस नंतर किती जगला?"

माना मागे वळल्या. अंधारात कोण बोलतंय ते त्याला दिसेना. "चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला, "पण वेगळा आहे. आज आपण गाठीच्या प्रतिसादाबद्दल बोलतोय."

"ते माझे वडील आहेत. नळीने त्यांचं जठर भाजलं. महिना काढला नाही त्यांनी. ते पडद्यावर येत नाही का?"

सर्जनने घसा साफ केला आणि आवाज आणखी मऊ केला. "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण तुम्हाला अभिमान वाटायला हवा. त्यांच्यामुळे आज इथे इतके डॉक्टर शिकतायत."

"त्यांना विचारलं होतं?"

"पुढची स्लाइड, प्लीज."

मी पुढची स्लाइड लावली नाही. ट्यूबलाइट लावल्या. बाबांची स्लाइड यंत्रातून काढून पर्समध्ये टाकली आणि दाराकडे निघाले. ज्या डॉक्टरांनी बाबांचं पोट प्रथम दाबून पाहिलं होतं तेही तिसऱ्या रांगेत होते. ते खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागले. दाराजवळ टेबलावर सामोसे मांडून ठेवले होते आणि दोघं डॉक्टर कधीच तिथे येऊन उभे होते. एकाच्या तोंडात घास होता. माझ्यासाठी वाट करून देताना तो चावायचा थांबलाही नाही. तळणीचा वास, अत्तराचा वास, आणि पाठीमागून पुन्हा सुरू झालेला तो मऊ आवाज. गेटाबाहेर गटाराशी मला कोरडी उलटी झाली. दुसऱ्या दिवशी ती स्लाइड बंबात टाकली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून पाहुण्यांचा अपमान केल्याबद्दल तासभर सुनावलं. मी ऐकून घेतलं, पण माफी मागितली नाही.

बाबांच्या स्मृतिदिनाला दादा सहकुटुंब आला. वंदना झाली, धम्मपालन गाथा झाली, मग तो बोलायला उभा राहिला. बाबांना आपण मुंबईतली सगळ्यात मॉडर्न ट्रीटमेंट दिली, पैशाकडे बघितलं नाही, गाठ बारीक झाली होती, पण नशीब. मंडपातल्या बायका डोळे पुसत होत्या. मला ते ऐकवेना. मी मागे चुलीकडे गेले आणि भाताच्या टोपावरचं झाकण उगाच उचलून पाहिलं.

थोड्या वेळाने तो मागे आला. मी त्याला सभागृहातली हकिकत सांगितली. फोटो, पट्टी, सामोसे खाणारी माणसं, सगळं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. चुलीजवळच्या दगडावर तो बसला.

"सरकारी इस्पितळातच ठेवला असता तर वाचले असते काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तोंड सोललं असतं. पण उठून बसले असते. आंबील खाल्ली असती."

त्याने चुलीतलं एक लाकूड आत सारलं. "मला वाटला होता, त्रास नाय होणार," तो म्हणाला. अगदी बाबांसारखं म्हणाला, मुंबईतलं हिंदी-इंग्रजी सगळं गळून पडल्यासारखं. मला त्याचा राग आला होता तो गेला नाही. अजूनही पुरता गेलेला नाही. पण माझी किळस त्याच्यावरून उठली आणि जिथे बसायला हवी तिथे जाऊन बसली. त्या केबिनमधल्या करड्या सावलीभोवती पेनने काढलेल्या गोलावर.

मंडपातून कोणीतरी पानं मांडली म्हणून हाक मारली. मी भाताचा टोप एका बाजूने धरला, दादाने दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही वाढायला गेलो.